वाकलेली अ‍ॅलॉय रिम सरळ करून घ्यावी की नवीन घ्यावी?

प्रश्न : रंकाळाकाठ

नमस्कार. गेल्या आठवड्यात रात्री गगनबावड्याहून कोल्हापूरला परतत असताना, कळे गाव मागे टाकल्यावर, पाण्याने काठोकाठ भरलेल्या एका खड्ड्यात माझ्या गाडीचे डावे पुढचे चाक जोरात आदळले. समोर खड्डा आहे की नुसतेच साचलेले पाणी आहे, हे त्या अंधारात आणि पावसात ओळखणे शक्य नव्हते. गाडी घरापर्यंत आली. पण सकाळी पाहिले तेव्हा त्या चाकातील हवा ३३ वरून २२ वर उतरलेली होती. हवा भरून महामार्गावर नेली असता ताशी ८० किलोमीटरच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागते, आणि वेग कमी केला की थरथर थांबते.

गाडी सव्वाचार वर्षांची हॅचबॅक असून टायर १९५/५५ आर १६ मापाचे आहेत आणि चारही चाके कंपनीनेच दिलेली अ‍ॅलॉयची आहेत. रिमच्या बाहेरच्या, म्हणजे दिसणाऱ्या बाजूला ओरखडासुद्धा नाही. आतल्या कडेला मात्र साधारण चार बोटे लांबीचा पोचा आला आहे.

आतापर्यंत मी चार ठिकाणी विचारले आणि चार वेगवेगळी उत्तरे मिळाली. पहिल्या मिस्त्रींनी गॅसवर गरम करून ठोकून देण्याचे ८०० रुपये सांगितले आणि वर, "उसाच्या ट्रॉलीची चाकं सरळ केल्यात साहेब आपण, ह्ये काय घिऊन बसलाय?" असा धीरही दिला. दुसऱ्या ठिकाणी हायड्रॉलिक यंत्रावर, गरम न करता सरळ करण्याचे १,८०० रुपये सांगितले. शोरूममध्ये मात्र रिम दुरुस्त करण्याची पद्धतच नाही असे सांगून नव्या रिमची किंमत ८,५०० रुपये सांगण्यात आली. चौथे एक पंक्चरवाले म्हणाले की, आत ट्यूब टाकली की हवा जाण्याचा प्रश्नच मिटेल.

पैसे वाचले तर हवेच आहेत. परंतु या गाडीतून आई-वडिलांना घेऊन घाटरस्त्याने वरचेवर जावे लागते. अशा परिस्थितीत निर्णय कशाच्या आधारावर घ्यावा?

प्रतिसाद १ : फिरते चाक

शाहूपुरीत व्हील अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगचे काम मी चौदा वर्षे करतो आहे. तुमच्या प्रश्नात दुरुस्तीचे दर आहेत, नव्या रिमची किंमत आहे, पण रिम किती वाकली आहे याचे माप कुठेही नाही. ज्या चौघांनी तुम्हाला उत्तरे दिली, त्यांच्यापैकी एकानेही टायर उतरवून रिम पाहिलेली दिसत नाही. टायर चढवलेला असताना जो पोचा दिसतो तो कडेचा असतो. पण टायरची कड रिमवर जिथे घट्ट बसते, ती आतली गोल बैठक किती बिघडली आहे, हे टायर काढल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही.

आधी टायर उतरवून घ्या, रिम बॅलन्सिंगच्या यंत्रावर चढवा आणि हाताने हळूहळू फिरवत डायल गेजने, म्हणजे काट्याने बारीक फरक दाखवणाऱ्या मापकाने, दोन मापे घ्यायला सांगा. रिम फिरताना वरखाली किती होते, हे पहिले माप. आणि डावीकडे-उजवीकडे किती डुलते, हे दुसरे. दोन्ही मापे टायरच्या बैठकीवर घ्यायची असतात, कारण बाहेरची पातळ कड फुटपाथला घासूनही वेडीवाकडी होते आणि तिच्यावरचे माप फसवे निघते. अ‍ॅलॉय रिमच्या बाबतीत हा फरक एक मिलिमीटरच्या आत असला तर मी सहसा तिला हात लावत नाही. दोन-तीन मिलिमीटर असला तर स्टिअरिंगमध्ये तो जाणवणारच. तुमच्या टायरचा घेर सुमारे १.९५ मीटर आहे. म्हणजे ताशी ९० च्या वेगाला चाक सेकंदाला जवळजवळ तेरा वेळा फिरते आणि तितक्याच वेळा तो उंचवटा तुमच्या हाताला धक्का देतो.

अनेक जण यावर शिसे लावून बॅलन्सिंग करून घेतात आणि थरथर गेली नाही की यंत्र खराब आहे म्हणतात. बॅलन्सिंगने वजनाचा फरक भरून निघतो, आकाराचा निघत नाही. लंबगोल चाकाचे वजन चहूबाजूंनी सारखे केले, तरी ते लंबगोलच राहते.

टायर उतरवल्यावर त्याची आतली भिंत, म्हणजे गाडीखाली लपणारी बाजू, उजेडात धरून बोटांनी चाचपून पाहा. खड्ड्याची धार आणि रिमची कड यांच्यामध्ये टायर चिमटला गेला की आतले धागे तुटतात आणि तिथे काही दिवसांनी फुगा येतो. फुगा आलेला टायर कोणत्याही उपायाने दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. लोअर आर्म, टाय रॉडची टोके आणि व्हील बेअरिंग या चाकाला धरून ठेवणाऱ्या भागांचीही त्याच वेळी तपासणी करून घ्यावी. अलाइनमेंट मात्र रिमचा निकाल लागल्यानंतरच करावी, नाहीतर तिचे पैसे दोनदा द्यावे लागतात.

आणि ट्यूब कृपया टाकू नका. अ‍ॅलॉयला तडा गेला की हवा हळूहळू जाते, हीच आपल्याला मिळणारी पहिली सूचना असते. ट्यूब टाकली की हवा जाणे थांबते, पण तडा वाढतच राहतो आणि त्याचा पत्ता लागत नाही. शिवाय ट्यूबलेस टायरमध्ये कोंबलेली ट्यूब आत घासून तापते, आणि फुटते तेव्हा सगळी हवा एकदम जाते.

प्रतिसाद २ : भट्टी

वरील प्रतिसादाशी मी पूर्णपणे सहमत आहे. त्यात धातूच्या बाजूने काही भर घालतो, कारण अ‍ॅल्युमिनियमचे ओतकाम हेच माझे रोजचे काम आहे.

कोल्हापूर हे फाउंड्रीचे गाव असल्यामुळे धातू आपल्याला कळतो, असा आपल्या सगळ्यांचाच एक समज असतो आणि लोखंडाच्या बाबतीत तो बराचसा खराही आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींत प्रामुख्याने बीडच, म्हणजे ओतीव लोखंड, ओतले जाते. उद्यमनगरातील लेथवाल्यांच्या हातांना तर एका पिढीने दुसऱ्या पिढीकडून दिलेले वळण आहे. अडचण अशी की, लोखंडावर घडलेला तोच हात आणि तोच डोळा अ‍ॅल्युमिनियमवर चालवला की घात होतो.

तुमची रिम ज्या मिश्रधातूची असण्याची सर्वाधिक शक्यता आहे त्याला ए३५६ म्हणतात. त्यात अ‍ॅल्युमिनियमबरोबर सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि अर्ध्या टक्क्याहूनही कमी मॅग्नेशियम असते. हे चाक नुसते ओतल्यावर बऱ्यापैकी मऊ असते. त्याला ताकद येते ती नंतरच्या उष्णोपचाराने : ५४० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास तापवायचे, लगेच पाण्यात विझवायचे आणि मग १५० ते १८० अंशांवर पुन्हा काही तास ठेवायचे. या शेवटच्या टप्प्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन यांचे अतिसूक्ष्म कण धातूत सर्वत्र तयार होतात आणि तेच चाकाला ओझे पेलण्याचे बळ देतात. आता त्याच चाकाच्या कडेवर गॅसची ज्योत धरली आणि तो भाग २५०-३०० अंशांवर गेला, की ते कण एकमेकांत मिळून मोठे आणि विरळ होतात आणि तेवढा भाग पुन्हा मऊ पडतो. मिस्त्रींना रिम 'छान वळली' असे जे वाटते, ते याचमुळे. रिम गोल दिसते, डायल गेजही चांगले माप दाखवते. पण पुढच्या खड्ड्यात ती अर्ध्या धक्क्यानेच वाकते.

यात आणखी एक गोम आहे. लोखंड तापले की लाल होते आणि लोहार त्या रंगावरून ओळखतो की आता किती झाले. अ‍ॅल्युमिनियम असा रंग दाखवत नाही. हा मिश्रधातू ५५५ अंशांच्या सुमारास आतून वितळू लागतो, तरीही दिवसाउजेडी तो डोळ्यांना जसाच्या तसा राखाडीच दिसतो. ट्रॉलीची चाके सरळ करणाऱ्या मिस्त्रींच्या कौशल्याबद्दल मला शंका नाही. ती चाके पोलादी पत्र्याची असतात, आणि पोलाद वाकून पुन्हा सरळ होणे बऱ्याच अंशी सहन करते. बिडाला वाकणे माहीतच नाही, ते सरळ तुटते. ओतीव अ‍ॅल्युमिनियम या दोघांच्या मधले आहे : थोडे वाकते, आणि त्यापुढे वाकवले की तडकते. तुमची रिम खड्ड्यात एकदा वाकली आहे. सरळ करताना तीच जागा दुसऱ्यांदा, उलट दिशेने वाकवली जाणार आहे, हे लक्षात ठेवून हिशेब मांडावा.

तेव्हा ८०० रुपयांचा पर्याय मी बाद करेन. गरम न करता, हायड्रॉलिक जॅकने थोडे थोडे दाबत आणि प्रत्येक वेळी माप घेत सरळ करणे हा पर्याय विचारात घेण्याजोगा आहे, पण दोन गोष्टी पाहिल्यानंतरच.

पहिली गोष्ट म्हणजे बाक कुठे आहे. बैलगाडीच्या चाकाची भाषा वापरायची तर तुंबा (चाकाचा मधला भाग) आणि आरे यांना धक्का पोहोचलेला नसावा. बोल्टच्या भोकांजवळ किंवा आऱ्याच्या मुळाशी बाक वा तडा असेल, तर ती रिम भंगारात घालावी, तिथे चर्चेला जागा नाही. तुमचा पोचा आतल्या कडेला आहे, आऱ्यांपासून सर्वांत दूर. आणि सुदैवाने खड्ड्याने वाकण्याच्या जागांमध्ये दुरुस्तीला सर्वांत सोयीची जागा हीच असते. मात्र तडे जाण्याचीही हीच आवडती जागा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे तडा. साबणाच्या पाण्याने हवेची गळती कळते, पण केसासारखा बारीक तडा कळत नाही. त्यासाठी डाय पेनिट्रंट चाचणी करावी लागते : जागा रंग काढून साफ करायची, त्यावर लाल द्रव मारायचा, दहा-पंधरा मिनिटांनी तो पुसून पांढरी पूड फवारायची. तडा असल्यास त्यात मुरलेला लाल रंग रेषेसारखा वर उमटतो. आपल्या गावात ही चाचणी करणारे वर्कशॉप शोधायला कुणाला फार फिरावे लागत नाही, आणि खर्चही किरकोळ असतो. चाचणी दोनदा करावी, सरळ करण्याआधी आणि नंतर. नंतरची जास्त महत्त्वाची, कारण तडा पुष्कळदा सरळ करतानाच पडतो.

तडा निघाला, तर "वेल्डिंग करून देतो" या वाक्याला भुलू नये. वेल्डिंगने तडा बुजतो, परंतु त्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा भाजून मऊ होतो आणि नवा तडा त्या पट्ट्यातून जातो. कोणी रिम लेथवर चढवून, उंच राहिलेला भाग कातून गोल करून देऊ लागला, तर त्यालाही नम्रपणे नकार द्यावा. हे आमच्या गावाचे खास दुखणे आहे. लेथ दिसला की प्रत्येक वस्तू कातून गोल करावीशी वाटते! गेजवर माप अचूक येते खरे, पण ज्या जागी धातू आधीच थकलेला आहे, नेमकी तीच जागा पातळ केलेली असते.

प्रतिसाद ३ : घाटवाट

मला वाटते की येथे भीती जरा जास्तच घातली जात आहे. माझ्या गाडीची मागची रिम तीन वर्षांपूर्वी आंबा घाटाच्या अलीकडे अशीच वाकली होती. एका साध्या गॅरेजमध्ये ती थोडीशी गरम करून लाकडी हातोड्याने ठोकून घेतली, त्यानंतर त्याच चाकावर रत्नागिरीच्या किमान वीस फेऱ्या झाल्या असतील, आणि आजतागायत हवा कमी झालेली नाही. प्रत्येक रिम प्रयोगशाळेत न्यायची असेल, तर सामान्य माणसाने गाडी चालवायची तरी कशी? दुरुस्त केलेले चाक मागे टाकावे, म्हणजे स्टिअरिंगला थरथर येत नाही आणि मनही शांत राहते.

प्रतिसाद ४ : भट्टी

घाटवाट, तुमची रिम टिकली याचा आनंदच आहे, आणि गरम केलेली प्रत्येक रिम मोडते असा माझा दावाही नाही. किती गरम झाली आणि त्यानंतर पुन्हा तेवढाच मोठा खड्डा भेटला का, यावर ते अवलंबून असते. आणि या दोन्ही गोष्टी तुम्हाला किंवा मला ठाऊक नाहीत. चाक मागे टाकण्याबद्दल मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. तसे केल्याने थरथर हातांऐवजी आसनाला जाणवते, इतकेच. घाटाच्या वळणावर मागच्या चाकाने अचानक हवा सोडली तर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि ती सावरणे पुढचे चाक बसण्यापेक्षा अधिक कठीण असते. ज्या रिमवर विश्वास नाही ती पुढेही नको आणि मागेही नको.

प्रतिसाद ५ : कागदोपत्री

विम्याचा विचार कोणी मांडला नाही म्हणून लिहितो. खड्ड्यात आदळून रिम वाकणे हे अपघाती नुकसान असल्यामुळे सर्वसमावेशक पॉलिसीत त्याचा दावा करता येतो. फक्त टायरचे नुकसान झाले असेल तर साधारण पॉलिसी पैसे देत नाही. गाडीचे अन्य नुकसानही त्याच वेळी झाले असेल तर टायरच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत देते. म्हणून रिम आणि टायर या दोन्ही गोष्टी एकाच दाव्यात दाखवणे योग्य ठरते.

आता हिशेब पाहा. गाडी चार वर्षे ओलांडून गेली आहे, त्यामुळे धातूच्या भागांवर ३५ टक्के घसारा कापला जाईल. ८,५०० रुपयांच्या रिमचे ५,५२५ उरतील. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दर दाव्यामागे सक्तीचे १,००० रुपये आपल्याला भरावे लागतात, म्हणजे हातात ४,५२५ रुपये आले. दुसऱ्या बाजूला, चार वर्षे दावा केला नसेल तर तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ४५ टक्क्यांवर असेल आणि या एका दाव्याने तो पुढच्या नूतनीकरणात शून्य होईल. पुन्हा तिथे पोहोचायला आणखी चार वर्षे लागतील. झीरो डेप्रिसिएशनची जोड घेतलेली असल्यास घसारा कापला जाणार नाही, पण बोनसचे नुकसान टळत नाही. एका रिमसाठी मी दावा केला नसता. सस्पेन्शनही वाकले असते तर केला असता.

प्रतिसाद ६ : फिरते चाक

नवीन रिम घेण्याची वेळ आलीच, तर चारही बदलण्याची काही गरज नाही, एकच घ्यावी. जुन्या रिमच्या आतल्या बाजूला रुंदी आणि ऑफसेट (बोल्ट बसतात ती पाठ रिमच्या मध्यरेषेपासून किती सरकलेली आहे ते अंतर) कोरलेले असतात. ते दोन्ही आकडे, बोल्टच्या वर्तुळाचे माप आणि मधल्या भोकाचा व्यास जुळला पाहिजे. आयएसआय चिन्ह आणि आयएस १६१९२ हा मानक क्रमांक पाहून घ्यावा. जुन्या बाजारातील 'कंपनीची ओरिजिनल' रिम स्वस्त मिळते खरी, पण ती तुमच्यासारख्याच कोणाच्या तरी खड्ड्यातून, रंगरंगोटी होऊन आलेली असू शकते.

आणखी एक सुचवतो. तुमच्याच मॉडेलच्या खालच्या प्रकाराला १८५/६५ आर १५ मापाची पोलादी चाके येत असतील, तर पावसाळ्यापुरती ती बसवण्याचा विचार करावा. दोन्ही टायरचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखा, ६२१ मिलिमीटर भरतो, त्यामुळे वेगाचा काटा चुकत नाही. टायरची भिंत मात्र १०७ ऐवजी १२० मिलिमीटर उंच मिळते. वाढलेले ते १३ मिलिमीटर रबर खड्ड्यात रिमच्या आधी मार खाते. अ‍ॅलॉय आणि पोलादी चाकांचे नट काही गाड्यांमध्ये वेगळे असतात, तेवढे तपासून घ्यावे.

रंकाळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल टायर उतरवून घेतला आणि डायल गेजने मापे घेतली. रिम वरखाली २.४ मिलिमीटर आणि डावीकडे-उजवीकडे ०.७ मिलिमीटर निघाली. त्यानंतर ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये लाल रंगाची चाचणी केली. कडेपासून आऱ्यांच्या मुळापर्यंत कुठेही रेषा उमटली नाही. गरम न करता यंत्रावर सरळ करून घेतली तेव्हा शेजारी उभा राहिलो होतो. काम करणाऱ्याला ते फारसे आवडले नसावे, पण तो काही बोलला नाही. ०.६ मिलिमीटरवर आल्यावर त्याने स्वतःहूनच हात आखडता घेतला आणि आणखी दाबले तर तडकेल म्हणाला, त्यामुळे त्याच्याबद्दलचा माझा आदर वाढला. दुसऱ्यांदा केलेल्या चाचणीतही रेषा आली नाही.

टायरच्या आतल्या भिंतीवर मात्र, पोच्याच्या बरोबर समोर, लिंबाच्या फोडीएवढा फुगा निघाला. गेले आठ दिवस त्याच टायरवर मी रोज शिरोलीला जाऊन येत होतो. टायर बदलला, आणि जुन्या-नव्याची झीज सारखी राहावी म्हणून पुढचे दोन्ही नवे घेतले; म्हणजे रिमवर वाचवलेले पैसे आणि त्यावर आणखी काही हजार तिकडे गेले. लोअर आर्म आणि बेअरिंग ठीक आहेत. अलाइनमेंट करून आज सकाळी कागलपर्यंत जाऊन आलो, ताशी ९० पर्यंत स्टिअरिंग स्थिर होते. विम्याचा दावा केलेला नाही. महिन्याभराने हवा पुन्हा मोजेन आणि कमी झालेली आढळली, तर ती रिम सरळ करण्याच्या फंदात पुन्हा न पडता नवीच घेईन.